घरच्या कॉम्प्युटरचा यूपीएस : साडेचार वर्षं वापरून झाल्यावर

माझ्या टेबलाखाली, डाव्या पायाशी, एक काळा ठोकळा जवळजवळ चार वर्षं बसलेला होता. बुटांच्या खोक्यापेक्षा जरा अरुंद, पण उचलायला गेलं की हात खाली ओढला जायचा. समोर एक बटण आणि एक हिरवा दिवा, मागे चार सॉकेट. ६०० व्हीएचा साधा घरगुती यूपीएस, म्हणजे लाइट गेली की आतल्या बॅटरीवर कॉम्प्युटर काही मिनिटं चालू ठेवणारा डबा. घेतला त्याच आठवड्यात त्याच्याबद्दल लिहायला बसले होते. तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. राहून गेलं ते बरं झालं, कारण नंतर त्याने एकदा सपशेल दगा दिला, एकदा मी स्वतःच्या हाताने त्याचं पोट उघडलं, आणि आठ महिन्यांपूर्वी त्याची बदली कोपऱ्यातल्या राउटरपाशी झाली. टेबलाखाली आता दुसरा, त्याहून मोठा ठोकळा आहे. दोघांबद्दलही लिहिते. कंपन्यांची नावं विचारू नका. मॉडेलं सारखी बदलतात, आतली मांडणी थोड्याफार फरकाने सगळ्यांची तीच.

मी घरी पुस्तकांची पानं लावते. मजकूर येतो, तो पानांत बसवायचा, प्रूफं काढायची, दुरुस्त्या घ्यायच्या आणि सगळ्यात शेवटी सूची करायची. सूची म्हणजे नाव आणि त्यापुढे पानांचे आकडे. काम अवघड नाही, पण एकदा तंद्री लागली की उठवत नाही. अशाच एका जाड पुस्तकाच्या सूचीत ‘प’पर्यंत पोचले होते. सेव्हचं बटण दाबलं आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली आणि आली. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. डोक्यावरचा पंखा थांबलासुद्धा नाही. कॉम्प्युटर मात्र बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. फाइल जागेवर होती, नाव तेच, तारीख तीच, आणि उघडल्यावर आत काही नाही. ‘अ’पासून ‘प’पर्यंत सगळं गेलं.

त्या दिवसापर्यंत माझी समजूत अशी होती की हल्लीच्या कॉम्प्युटरना अशा झटक्याने काही होत नाही, डिस्क आपलं आपण सावरून घेते. ते अर्धंच खरं आहे. डिस्कवर एक रोजनामचा असतो. कुठली फाइल कुठे ठेवली, कुठली हलवली याची नोंद आधी त्यात होते, आणि वीज गेल्यावर त्या नोंदीवरून कपाटाची रचना पुन्हा लावता येते. कपाट शाबूत राहतं. कप्प्यात ठेवायला हातात घेतलेला कागद मात्र हातातच जळतो.

आणि पंखा चालू राहिला, मग कॉम्प्युटर का बंद पडला? पंख्याला स्वतःची गती असते, तो क्षणभर तसाच फिरतो. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणाऱ्या आतल्या डबीत, एक मोठा कपॅसिटर असतो, त्यात थोडी वीज साठलेली असते, पण ती पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद पुरते. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे विजेची एक लाट पूर्ण चुकली तरी मशीन बंद पडू शकतं. यूपीएसचा सगळा खेळ या फटीत आहे. मेन्स, म्हणजे भिंतीतून येणारी वीज, गेल्याचं ओळखून बॅटरीवर यायला त्याला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ कपॅसिटर तग धरतो. मी पहिल्यांदा मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करून पाहिलं तेव्हा पडदा जरासुद्धा थरथरला नाही. खालून एक ‘टक्’ आणि मग बीप. मला उगाचच हसू आलं.

घेताना डब्यावरच्या आकड्याने मीही चकले होते. ६०० म्हटल्यावर ६०० वॅट, असंच कुणालाही वाटेल. ते व्हीए असतात, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. घरगुती डब्यांत बहुतेक वेळा त्याचे ६० टक्के वॅट धरायचे, म्हणजे ६०० व्हीएचे ३६०. खरा आकडा मागच्या बाजूच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरांत असतो, तो वाचूनच घ्यावा. तसे ३६० वॅट माझ्यासारखीला उदंड झाले. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मागून आणून मी मोजलं : पानं लावताना कॉम्प्युटर ९५ वॅट, मॉनिटर २८, राउटर ९. एकूण १३२. जुन्या काचेच्या जाडजूड मॉनिटरच्या काळात एकटा मॉनिटरच ऐंशी-शंभर वॅट खायचा, त्यामानाने आताचं बरंच हलकं झालंय. खेळांसाठीचं मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर मात्र हिशेब पार बदलतो. खेळ चालू असताना ३०० वॅटच्या वर सहज जातो आणि हा डबा तिथे ओरडतच बसेल.

आता वेळ किती मिळतो, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. जाहिरातीतल्या आकड्यांवर माझा विश्वास नव्हता म्हणून मी स्वतःची चाचणी ठरवली. कॉम्प्युटर बाजूला, त्याच्या जागी ६० वॅटचे दोन जुने तारेचे बल्ब लावायचे, मेन्स काढायचं आणि घड्याळ लावून बसायचं. भार कायम एकसारखा, फाइल बिघडायची भीती नाही, आणि बल्ब विझला की निकाल हातात. नवा असताना १५ मिनिटं मिळाली. वर्षाने १३. दोन वर्षांनी ९. हे आकडे मी तारखेसकट डब्याच्या कुशीवर पट्टी चिकटवून तिच्यावर लिहीत गेले.

१५ मिनिटं ऐकून पहिल्यांदा मला फसवणूकच वाटली होती. आत बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची. गुणाकार केला की ८४ वॅट-अवर. १२० वॅटच्या बल्बांना ती ४२ मिनिटं पुरायला हवी, मग बाकीची गेली कुठे? त्याचं उत्तर असं की बॅटरीवरचा ७ हा आकडा तिला २० तास सावकाश रिकामी केली तर लागू होतो, म्हणजे ०.३५ अँपिअरने. इथे आपण तिच्यातून बारा-तेरा अँपिअर ओढतो. शिशाची बॅटरी जितकी घाईने उपसाल तितकी ती कमी देते. वेग आणि क्षमता यांचं गणित पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडून ठेवलंय. त्यात १२ व्होल्टचे २३० करताना थोडी वीज उष्णतेत जाते. आणि बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास उतरली की यूपीएस स्वतःच हात वर करतो, कारण त्याखाली उपसली तर ती कायमची खराब होते. सगळं वजा करता १५ मिनिटं प्रामाणिकच म्हणायची.

पहिलं वर्षभर मी या १५ मिनिटांचा अगदी चुकीचा उपयोग केला. लाइट गेली की, ‘चला, अजून पंधरा मिनिटं आहेत’ म्हणून जोरात काम करायला लागायची. बीप बीप चाललेलं, मी आणखी एक पान, आणखी एक दुरुस्ती. शेवटी बीप घाईचे झाले की धावपळ करून सेव्ह. एकदा ते घाईचे बीप सुरू झाले आणि फोन वाजला. त्यानंतर नियम केला : पहिला बीप ऐकला की सेव्ह, दुसऱ्या मिनिटाला लाइट आली नाही तर सगळं बंद. उरलेली बारा-तेरा मिनिटं न वापरता तशीच राहू द्यायची. लाइट येऊन दहा मिनिटांत पुन्हा गेली तर तीच कामाला येतात, कारण रिकामी बॅटरी परत भरायला सहा ते आठ तास लागतात.

लेझर प्रिंटरची गंमत सांगते. प्रूफं काढायला घरात छोटा लेझर प्रिंटर आहे. मागे चौथं सॉकेट रिकामं दिसलं म्हणून त्याची पिन तिथे घातली. दिवसभर काही झालं नाही, प्रिंटर झोपलेला होता. संध्याकाळी प्रिंटची आज्ञा दिली आणि डब्याने एकच अखंड किंकाळी फोडली, मग सगळं अंधारात. मेन्स चालू असताना! प्रिंटरच्या आत कागदावर शाई भाजून बसवणारा रूळ असतो, तो तापवायला काही क्षण शेकडो वॅट लागतात, काही प्रिंटर तर हजारापर्यंत जातात. पुस्तिकेत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की लेझर प्रिंटर लावू नका. ती पुस्तिका मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा उघडली. यूपीएसच्या सॉकेटमध्ये आणखी एक्स्टेन्शन बोर्ड लावून पसारा वाढवायलाही त्यात मनाई आहे, आणि तेही बरोबर आहे. बोर्डाला मोकळं सॉकेट दिसलं की घरातलं कुणीतरी त्यात काहीतरी खुपसतंच.

या पहिल्या डब्याचं मला सगळ्यात आवडलेलं काम बॅटरीचं नाहीच. व्होल्टेज खाली आलं की तो आतल्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदलून वर उचलतो, जास्त झालं की खाली आणतो, बॅटरीला हात न लावता. ‘टक्’ असा आवाज येतो एवढंच. याला लाइन-इंटरॅक्टिव्ह म्हणतात. अगदी साध्या, ऑफलाइन प्रकारात ही सोय नसते. व्होल्टेज जरा घसरलं की तो थेट बॅटरीवर येतो, आणि जिथे व्होल्टेज सारखं वरखाली होतं तिथे त्याची बॅटरी कामाच्या वेळेला अर्धीच भरलेली सापडते. तिसरा प्रकार ऑनलाइन. त्यात वीज सतत आधी डीसी आणि मग पुन्हा एसी होऊनच बाहेर येते, त्यामुळे बदलायला शून्य वेळ लागतो. पण पंखा कायम घोंघावत राहतो आणि डबा तापतो. घरच्या एका कॉम्प्युटरसाठी तो घ्यावा असं मला वाटत नाही.

आता दगा. तिसऱ्या वर्षाची चाचणी मी घेतलीच नाही. कामं तुंबली होती, बल्ब कुठल्या खोक्यात गेले ते सापडेनात, आणि हिरवा दिवा तर छान पेटलेला होता. त्यानंतर तीनेक महिन्यांनी लाइट गेली. ‘टक्’ झालं, अर्धा बीप आला, म्हणजे ‘बी’ झालं आणि ‘प’ व्हायच्या आधी सगळं काळं. डोळ्यांसमोर पडदा गेलेला, खाली डबा गप्प. या वेळी नुकसान थोडं होतं, वीसेक मिनिटांचं काम, पण राग मात्र सूचीच्या वेळेपेक्षा जास्त आला. तेव्हा निदान आपल्याकडे यूपीएस नाही हे माहीत तरी होतं.

कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. तिथल्या मुलाने चिकटपट्टीवरचा नंबर विचारला, तारीख विचारली आणि म्हणाला, “ताई, तीन वर्षं झाली ना? मग नवीनच घ्या. याची बॅटरी वेगळी मिळत नाही.” मी विचारलं, “आत बॅटरी कुठली आहे?” “ते आम्हाला सांगता येत नाही, ताई.” फोन ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

भिंतीतली पिन काढली, मागच्या सगळ्या पिना काढल्या, बटण बंद केलं, हातातलं घड्याळ आणि अंगठी टेबलावर काढून ठेवली. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण ही बॅटरी शॉर्ट झाली तर इतका करंट सोडते की मधल्या धातूचा निखारा होईल, आणि तो धातू आपल्या बोटात असेल तर विचारायलाच नको. डबा उलटा केला. चार स्क्रू, दोन वर दिसणारे आणि दोन रबरी पायांच्या आत लपलेले; हे दोन शोधण्यात अर्धा तास गेला. झाकण निघालं. डावीकडे सर्किटची पाटी, तिला मी हात लावला नाही आणि तुम्हीही लावू नका, तिच्यावरचे कपॅसिटर पिन काढल्यावरही भरलेले असू शकतात. मधे ट्रान्सफॉर्मरचा जड गोळा. वजन कशाचं ते तेव्हा कळलं. उजवीकडे बॅटरी. तिच्यावर ठळक छापलेलं : १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर. म्हणजे कुठेही मिळणारी, अगदी सर्वसाधारण, हाताच्या पंजात मावणारी, दोन-सव्वादोन किलोची बॅटरी. ‘वेगळी मिळत नाही’!

ती सहज बाहेर येईना. बाजू फुगल्या होत्या. चौकोनी असायला हवी ती कडेने पोट सुटल्यासारखी झाली होती आणि खाचेत रुतून बसली होती. आधी तारांचा फोटो काढला, मग पक्कड घेऊन तारांच्या टोपणांना, तारांना नव्हे, हळूहळू हलवत ओढलं. काळी आधी, लाल नंतर. मग डबा कुशीवर टेकवून तळहाताने थापट्या मारत मारत ती बाहेर काढली. सरकली तेव्हा कर्र आवाज झाला, पण कुठे चीर नव्हती, ओल नव्हती. चीर असती तर हातमोजे घातल्याशिवाय पुढे गेले नसते, आतला द्रव आम्ल असतो.

तोवर उत्सुकता वाढली होती, म्हणून मल्टिमीटर लावून पाहिला. नुसत्या बॅटरीचं व्होल्टेज १२.६. अगदी धडधाकट! मग गाडीचा १२ व्होल्टचा एक जुना बल्ब तिला जोडला आणि आकडा बघता बघता ९ च्या खाली गेला. हिरव्या दिव्याचं कोडं तिथे सुटलं. आतला विरोध वाढलेली बॅटरी रिकाम्या हाती उभी असते तोवर ठीक दिसते, ओझं दिलं की कोसळते. यूपीएसमध्ये तर चार्जर तिला चोवीस तास साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टवर धरून ठेवतो, त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघणाऱ्या दिव्याला ती कायम निरोगीच वाटते. माझ्या डब्यातला दिवा मेन्स आहे एवढंच सांगत होता. तीन वर्षं मी त्याचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा लावत होते, हा दोष माझा. पण अशा दिव्याच्या शेजारी बॅटरीचं चित्र छापणाऱ्याचाही थोडा असावा.

आणि फुगण्याचं कारण माझ्याच टेबलाखाली होतं. मी डबा ठेवला होता कॉम्प्युटरच्या मागच्या पंख्यासमोर, फळीच्या बंद कप्प्यात, केबलींचा पसारा दिसू नये म्हणून. कॉम्प्युटरची गरम हवा दिवसभर त्याच्या अंगावर. या सीलबंद बॅटऱ्या २०-२५ अंशांच्या खोलीत तीन ते पाच वर्षं चालतात, पण तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. माझी तीन वर्षं टिकली हे तिचे उपकारच.

नवी बॅटरी घेताना एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे वरच्या पत्र्याच्या जिभांची रुंदी. ४.८ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर अशा दोन प्रकारांत त्या येतात. माझ्या तारांची टोपणं रुंद होती, जीभ अरुंद आली असती तर टोपण ढिलं बसून गरम झालं असतं. शिवाय बनवल्याची तारीख. कपाटात पडल्या पडल्याही ही बॅटरी हळूहळू उतरते, आणि बरेच महिने न भरता पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो. ‘नवी’ म्हणून अशी जुनी गळ्यात पडायला नको. लाल तार लालला, काळी काळीला. शेवटचं टोपण टेकताना एक चिमुकली ठिणगी उडाली आणि मी दचकून मागे झाले, पण ती उडतेच, यूपीएसमधला रिकामा कपॅसिटर भरताना. आठ तास चार्ज होऊ दिली. बल्ब शोधून काढले. १४ मिनिटं. पट्टीवर तारीख घातली. जुनी बॅटरी विकणाऱ्याकडेच परत दिली. आत शिसं असतं, ते कचऱ्यात जाऊ नये, आणि गाळून त्याचीच पुन्हा बॅटरी होते. हे तंत्र मुळात १८५९ मधलं, गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाचं, आणि माझ्या सूचीची राखण अजून त्याच शिशावर चाललीय हे मला गमतीचं वाटतं.

आठ महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर बदलला आणि जुन्या डब्याची गोष्ट तिथे संपली. नव्या मशीनचा एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीवाला आहे, म्हणजे करंट विजेच्या लाटेशी जुळवून ओढणारा. मेन्सवर सगळं सुरळीत, पण बॅटरीवर आलं की एसएमपीएसमधून माशी अडकल्यासारखी गुणगुण. मी मुद्दाम पाच वेळा मेन्स काढून पाहिलं. तीनदा चाललं, दोनदा मशीन जागच्या जागी बंद. कारण स्वस्तातले यूपीएस बॅटरीवर असताना विजेची गोल लाट देत नाहीत, पायऱ्या पायऱ्यांची चौकोनी लाट देतात. जुन्या एसएमपीएसना त्याचं काही वाटत नाही. ॲक्टिव्ह पीएफसीवाल्यांतले सगळेच बिघडतात असं नाही, बरेचसे निमूट चालतात. माझा नेमका नाजूक निघाला.

म्हणून दुसरा डबा घेतला : १००० व्हीए, ६०० वॅट, शुद्ध साइन वेव्ह (म्हणजे तीच गोल लाट), आत दोन बॅटऱ्या. त्याच दोन बल्बांवर ३४ मिनिटं. गुणगुण बंद, मशीन पाचातून पाचदा टिकलं. समोर छोटा पडदा आहे, त्यावर आत येणारं व्होल्टेज, भार आणि उरलेली मिनिटं दिसतात. मिनिटांचा आकडा मात्र गंमत म्हणूनच बघायचा. कॉम्प्युटर गप्प असताना ४० दाखवतो, पानांचं पीडीएफ बनवायला घेतलं की त्याच दमात २२.

या डब्याची खरी किंमत मागच्या यूएसबी तारेत आहे. ती कॉम्प्युटरला जोडली की विंडोज त्याला लॅपटॉपच्या बॅटरीसारखंच ओळखतं, घड्याळाशेजारी बॅटरीचं चिन्ह येतं आणि किती टक्क्यांवर काय करायचं ते पॉवरच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. कंपनीने दिलेलं सॉफ्टवेअर मी दोन दिवसांत काढून टाकलं. ते दर वेळी सुरू होताना खाते उघडा म्हणायचं. यूपीएसला खातं कशाला? लिनक्सवाल्यांसाठी नेटवर्क यूपीएस टूल्स आहे, मॅकमध्येही यूपीएसची सोय आतच आहे. मी ४० टक्क्यांवर हायबरनेट ठेवलंय, म्हणजे उघडी पानं डिस्कवर जशीच्या तशी उतरतात. गेल्या महिन्यात मी बाहेर असताना लाइट बराच वेळ गेली होती. परत आले तर मशीन बंद, बटण दाबलं तर सूची उघडी, कर्सर त्याच ओळीवर. साडेचार वर्षांत या वस्तूंनी दिलेलं सगळ्यात मोठं सुख ते.

तक्रारीही आहेत. दोन्ही डब्यांचे मागचे सॉकेट इतके खेटून आहेत की ॲडॉप्टरची एक ठोकळी पिन लावली की शेजारचं सॉकेट झाकलं जातं. नवा सहा सॉकेट म्हणून घेतला, वापरता येतात चार. त्यातले दोन तर बॅटरीशिवायचे, फक्त विजेच्या उसळीपासून वाचवणारे, आणि ते कुठले हे मागे वाकून, टॉर्च मारून वाचावं लागतं. भिंतीकडची तार आखूड. जुन्या डब्याचा बीप बंद करायची सोयच नाही. रात्री तीनला लाइट गेली की घरभर कळतं. माझी लेक त्यावर उशी ठेवून यायची, मग मी तिला हवेची फट का बंद करायची नाही ते समजवायची, मग दोघी जाग्याच. नव्यात बटण दाबून आवाज बंद होतो, पण दुसऱ्यांदा लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

घरात इन्व्हर्टर आहे मग हे कशाला, असं मला दोघातिघांनी विचारलं. इन्व्हर्टर दिवे-पंख्यांना तासन्‌तास चालवतो, पण साध्या मोडमध्ये तो बॅटरीवर यायला जो वेळ घेतो त्यात कॉम्प्युटर पडतो. काहींवर मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावून पाहा. मशीन दहा वेळा टिकलं तर तुम्हाला हा ठोकळा कदाचित लागणारही नाही. जनरेटर असेल तर मात्र दुकानात आधी विचारा. त्याची वीज नीट एकसारखी नसली की काही यूपीएस ती नाकारतात आणि मेन्स असूनही बॅटरीवरच राहतात.

जुना डबा राउटरपाशी बरा रमलाय. भार आता राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५ वॅट, आणि लाइट गेल्यावर दोन तास इंटरनेट चाललं. हिशेबाने त्याहून कितीतरी जास्त चालायला हवं होतं, पण १२ व्होल्टचे २३० करायचे, मग ॲडॉप्टरने त्याचे पुन्हा १२ करायचे, यात आणि डब्याच्या स्वतःच्या खाण्यात बरीच वीज जाते. नुसत्या राउटरसाठी कुणी विचारलं तर मी लिथियमवाला छोटा डीसी यूपीएस सांगेन, तळहाताएवढा असतो आणि १२ व्होल्ट सरळ देतो. फक्त राउटरचं व्होल्टेज आणि पिनेची जाडी जुळवून घ्यायची.

नव्या डब्याची जागा आता टेबलाच्या मोकळ्या बाजूला आहे, केबलींचा पसारा दिसतो तर दिसू दे. महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन मिनिटं मेन्स काढते, तेवढंच. पूर्ण रिकामी करायची चाचणी वर्षातून एकदाच, कारण शिशाच्या बॅटरीला तळापर्यंत उपसणं मानवत नाही. बल्ब आता एका डब्यात घालून त्यावर ‘यूपीएस’ असं लिहून ठेवलंय. जुन्याच्या कुशीवरची पट्टी अजून तशीच आहे : १५, १३, ९, मग एक रिकामी ओळ, मग १४. काल त्याची चाचणी घेतली. १२ मिनिटं, ४० सेकंद.